सुट्टी कई भेटते?

वाशिम जिल्ह्यात छावणी नाही. कामठीसारखं रेजिमेंटल सेंटर नाही, पुलगावसारखा दारूगोळ्याचा डेपो नाही, भंडाऱ्यासारखी आयुध निर्माणी नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावर जगतो. इथं मिलटरी पाहायची तर पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या पोट्ट्यांत पाहावी, नाहीतर एखाद्या घराच्या माजघरातल्या काळ्या पत्र्याच्या पेटीवर, जिच्यावर नंबर, रँक आणि नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं. किंवा मग शाळेच्या हजेरीत. तिसरी-चौथीच्या वर्गात एखादं लेकरू असं असतं की वडील काय करतात हे त्याला विचारलं, तर उत्तर त्याच्या आधी वर्गच देतो: मिलटरीत आहेत.

त्या लेकराच्या दुपारी कशा जातात, हा या लेखाचा विषय. त्यातही फाल्गुन ते वैशाखातल्या दुपारी, कारण याच तीन महिन्यांत वऱ्हाडातलं लहान मुलाचं वेळापत्रक उलटंपालटं होतं. ऊन तापायला लागलं की शाळा सकाळची होते. लेकरू दिवस डोक्यावर यायच्या आत घरी येतं आणि अंधार पडेपर्यंतचा सगळा वेळ कुणाच्या तरी गळ्यात पडतो. २०२५ साली सरकारनं पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळी, ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या, तेव्हा विदर्भातले पालक आणि शिक्षक चिडले ते उगाच नाही. पुण्यात बसून वेळापत्रक आखणाऱ्याला अकोला-वाशिमचा एप्रिल कसा कळावा? इथल्या शाळा जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेही याच उन्हापायी.

शहरात शाळा सुटल्यानंतरच्या तासांसाठी पाळणाघर असतं, डे-केअर असतं, छंदवर्ग असतो. मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या एखाद्या खेड्यात त्यासाठी आजी असते. फौजीच्या घरी तर आजीवरच सगळं, कारण आई शेतावर जाते, बँकेत जाते, रेशनला जाते, वीजबिल भरते, म्हणजे एरवी ज्या कामांना घरातला गडी जातो ती सगळी कामं तिच्याकडे असतात. आबा बैलगोठ्याकडे. म्हणून लेकराचा ताबा आजीकडे, आणि आजीच्या ताब्यात मोबाइल आला की त्याच्याकडेच लेकराचा ताबा.

तरी या दिवसांत गाव स्वतःच लेकरांना कामाला लावतं, हे मान्य करायला हवं. होळीच्या आधी पंधरा-वीस दिवस शेणाच्या चाकोल्या थापायच्या, मधे भोक पाडायचं, वाळल्या की सुतळीत ओवून माळ करायची. हा उद्योग पोरांचाच. कुणाची माळ लांब यावरून भांडणं होतात आणि ती मिटवायला मोठी माणसं जात नाहीत. हरभरा काढणीला आला की बांधावर काटक्या पेटवून हुळा भाजायचा, तोंड काळं करून घरी यायचं. मालेगाव, मंगरूळपीर, मानोऱ्याकडच्या टेकड्यांवर पळस फुलतो; फुलं पोत्यात भरून आणायची, रात्री पाण्यात उकळत ठेवायची, सकाळी केशरी पाणी तयार. बऱ्याच शाळांतल्या हरित सेनेची पथकं आता हाच रंग मुलांकडून करून घेतात. वास्तविक ही गोष्ट शाळेनं शिकवावी इतकी दुर्मीळ व्हायला नको होती. मग साखरेच्या गाठी. इकडे होळीला आत्या-मामा लेकरांना गाठी देतात आणि ती गळ्यात मिरवत मिरवत अर्धी खाऊन होते. पाडव्यानंतर वाळवणं सुरू: कुरडया, सरगुंडे, शेवया, पापड. खाटेवर पसरलेल्या कुरडया कावळ्यांपासून राखायच्या, ही लेकरांची नेमणूक, आणि गव्हाचा गरम चीक हा त्याचा पगार.

मानोरा, मंगरूळपीरच्या तांड्यांवर होळी अधिक लांबते. लेंगी गायल्या जातात, गेर निघते. मागच्या होळीनंतर ज्या घरी मुलगा जन्मला त्या घरी धुंड, म्हणजे बाळाचा सोहळा, होते. अख्खा तांडा गात येतो. बंजारा समाजातून फौजेत आणि निमलष्करी दलांत गेलेली पोरं थोडी नाहीत. त्यातल्या एखाद्याला त्याच वर्षी मूल झालेलं असतं आणि त्याची पोस्टिंग कुठल्या तरी खिंडीच्या पलीकडे असते. धुंड त्याच्यासाठी थांबत नाही. तिथी कुणाच्या सुट्टीच्या सोयीनं सरकत नाही, मग ती होळीची असो की पोहरादेवीच्या रामनवमीची. त्या यात्रेला बंजारा माणूस देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून येतो. फौजी मात्र अर्ज करतो आणि उत्तराची वाट पाहतो.

'सुट्टी कई भेटते?' हा प्रश्न वऱ्हाडातल्या प्रत्येक फौजीला फोनवर विचारला जातो. विचारणारी आई असते, बायको असते आणि बोलता यायला लागल्यापासून लेकरूही असतं. नियमानं जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. ऐकायला ९० दिवस पुष्कळ वाटतात. शहरातल्या खासगी नोकरदाराला हेवा वाटावा इतके. पण पलटण एका वेळी ठरावीक माणसंच सोडते. मग त्या ९० दिवसांचे तुकडे पडतात. मृगाच्या पेरणीला एक तुकडा हवा, सोयाबीन काढणीला एक, दिवाळीला एक, बहिणीच्या लग्नाला एक, आणि बापाच्या मोतीबिंदूला एक. जिथं बिहार, राजस्थान, हरियाणाचे जवान मिसळलेले आहेत तिथं होळीला सगळ्यांनाच घर आठवतं. त्या रांगेत वाशिमचा शिपाई सहसा स्वतःहून मागे राहतो, कारण त्याला जून राखून ठेवायचा असतो. शेतकऱ्याचा पोरगा पेरणी सोडत नाही. परिणाम असा की बाप घरी येतो तो नांगर-तिफणीच्या दिवसांत, शाळा उघडायच्या सुमाराला. आणि लेकरू मोकळं असतं ते मार्च-एप्रिल-मेमध्ये. दोघांच्या सुट्ट्या एकमेकींना चुकवत राहतात.

येण्याचा प्रवासही सोपा नाही. जम्मूहून झेलम एक्सप्रेसनं भुसावळ, तिथून अकोला, अकोल्याहून पूर्णा लाइनची गाडी किंवा एसटी, मग फाट्यावरून कुणाची तरी मोटारसायकल. युनिटमधून निघाल्यापासून दारात पोचेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. दारात गाडी थांबली की पहिल्या अर्ध्या तासात लेकरू बापाजवळ जातच नाही. ते आईमागे उभं राहून पेटीकडे पाहतं. त्या अर्ध्या तासाची फौजींना सवय असते. नव्या बापांना वाईट वाटतं, जुने पेटी आधी उघडतात आणि कॅन्टीनची बिस्किटं बाहेर काढतात.

आता थोडं दूर जाऊ. अमेरिकेत एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना मानतात. १९८६ साली त्यांचे संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांनी तो ठरवला. एप्रिलमध्ये एक दिवस शाळांतून, लष्करी तळांवर सगळे जांभळे कपडे घालतात. भूदल, नौदल, हवाईदल, मरीन यांचे सगळे रंग मिसळले की जांभळा होतो, असा त्याचा अर्थ. १९८९ साली तिथल्या संसदेनं सैनिकांच्या मुलांच्या संगोपनकेंद्रांसाठी स्वतंत्र कायदा केला, कारण त्याआधी ती केंद्रं वाईट अवस्थेत होती. आज तळांवर शाळकरी मुलांसाठी, साधारण बारा वर्षांपर्यंत, शाळेआधी आणि शाळेनंतर थांबायची जागा असते. वसंतातल्या सुट्टीत पूर्ण दिवसाची शिबिरं असतात. रोपं लावणं, पतंग, रस्त्यावर खडूची चित्रं, दूरच्या आई-बापाला पत्रं. सैनिकाच्या मुलाचं फूल म्हणून त्यांनी डँडेलियन निवडलं आहे, वाऱ्यानं बी उडून कुठंही रुजणारं पिवळं रानफूल.

फूल त्यांच्या मुलांना शोभतं. तिकडे बापाची बदली झाली की घर हलतं, शाळा हलते, मूल हलतं. वाशिमच्या बाबतीत ते लागू पडत नाही. इथं उडतो तो बाप. लेकरू आपल्या गावच्या काळ्या मातीत तसंच उभं असतं. म्हणून अमेरिकेतली योजना जशीच्या तशी उचलून आणा असं म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. तिथं एका तळावर हजार मुलं एकत्र असतात, केंद्र उघडलं की भरतं. आपल्याकडे एका गावात अशी दोन मुलं, पुढच्या गावात एक, तिसऱ्यात एकही नाही. सेवा पुरवायची कुठं, हाच मुख्य प्रश्न आहे.

आपल्या लष्करानं मुलांसाठी काही केलं नाही असं मात्र नाही. उलट या बाबतीत जुना वारसा मोठा आहे, आणि तो आपल्या शाळांत कुणी सांगत नाही. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. पलटणीच्या शाळा होत्या. अशाच लष्करी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांना चौदावं अपत्य झालं. आंबेडकर जयंतीला वाशिमच्या वस्त्यावस्त्यांतून मिरवणुका निघतात, दिवे लागतात, लहान मुलं निळे झेंडे घेऊन नाचतात. पण बाबासाहेब हे छावणीत जन्मलेलं फौजीचं लेकरू होतं, हे त्या मुलांना क्वचितच कुणी सांगत असेल.

त्यांच्या बालपणीची एक सुट्टी या विषयाच्या मध्यभागी आहे. रामजी निवृत्त झाले, कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. आई गेलेली होती. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या कामावर होते; दुष्काळग्रस्तांना काम द्यायला तिथं तलाव खोदणं चाललं होतं. साताऱ्यात मागे राहिली मुलं: भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि थोरल्या बहिणीची दोन मुलं. सांभाळायला आत्या होती. ती मायेची, पण पायांनी अधू, तिलाच उचलावं लागे. भाकरी मुलांना थापता येईना, म्हणून ती चौघं शाळा करून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव खात. शाळेनंतरच्या देखभालीचा विषय निघाला की मला आधी हे चित्र आठवतं: चूल, चार पोरं आणि एक न उठू शकणारी आत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं घालून ती मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांकडून कुणीच न्यायला आलं नव्हतं, कारण मुलं येत असल्याचं पत्र नोकरानं त्यांना दिलंच नव्हतं. ही मुलं महार आहेत हे कळल्यावर गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण पायी चालू या अटीवर. रात्रभर पाणी मिळालं नाही. पुढं हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला.

त्या प्रवासात जातीनं जे केलं त्याला तोड नाही आणि त्याची बरोबरी कुठल्या रजेच्या अडचणीशी करू नये. तरीही सुट्टीत बापाकडे निघालेली मुलं, निरोप न पोचणं, स्टेशनवर कुणी नसणं, नात्यातल्या एखाद्या बाईवर टाकलेलं घर, या गोष्टी फौजीच्या लेकराला आजही ओळखीच्या वाटतील. पुढं १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. वऱ्हाडातल्या कित्येक बौद्ध घरांत सागर हे नाव नातेवाइकाच्या गावासारखं घेतलं जातं.

जवानांच्या मुलांसाठी पहिल्या महायुद्धानंतर किंग जॉर्ज यांच्या नावानं शाळा निघाल्या. त्यातली बेळगावची १९४५ची. आज त्या राष्ट्रीय मिलटरी स्कूल म्हणून ओळखल्या जातात. सैनिक स्कूल वेगळी. त्यातली पहिली साताऱ्याची, जून १९६१ची, आणि विदर्भाला चंद्रपूरची मिळाली ती २०१९ साली. तिथं सैनिकांच्या मुलांना राखीव जागा आहेत, पण प्रवेश परीक्षेतून. शिवाय राज्य सरकारच्या धोरणानुसार जिल्ह्याजिल्ह्यात निघालेल्या सैनिकी शाळा आहेत. वाशिमजवळ सुपखेल्याला यशवंतराव चव्हाण सैनिक शाळा आहे. या शाळांबद्दल गैरसमज फार. त्या पुढं सैनिक व्हावा म्हणून मूल घडवणाऱ्या शाळा आहेत, आज सैनिक असलेल्याचं मूल सांभाळणाऱ्या नव्हेत. १९६३ साली केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली तीसुद्धा पलटणींच्या शाळा ताब्यात घेऊनच. आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी १९८३ साली स्थापन झाली आणि आज तिच्या सव्वाशेहून अधिक आर्मी पब्लिक स्कूल आहेत. सगळ्या छावण्यांत. वाशिमला छावणी नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं.

मग वाशिमचं फौजीचं कुटुंब छावणीत राहत नाही का? राहतं, थोडी वर्षं. फौजेत पोस्टिंगचे दोन प्रकार: पीस आणि फील्ड. पीसला क्वार्टर मिळालं तर बायको-मुलं जातात. तिथं संध्याकाळी मैदान असतं, पोहण्याचा तलाव असतो, मे महिन्यात शिबिरं असतात, युनिटच्या फॅमिली वेल्फेअरच्या कार्यक्रमांत मुलांच्या चमचा-लिंबू शर्यती असतात. शेजारच्या क्वार्टरमध्ये तामीळ, डोगरा, गढवाली मुलं. दोन-तीन वर्षांत पलटण फील्डला निघते आणि कुटुंब परत येतं. फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी छावण्यांत वेगळी क्वार्टर असतात, पण त्यांना प्रतीक्षायादी असते, आणि गावी म्हातारे आई-बाप अन् चार एकर वाट पाहत असतात. बहुतेक जण गावच निवडतात.

परतण्याचा हंगाम बहुधा वसंताचाच असतो, आणि इथं एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. आर्मी पब्लिक स्कूलचं वर्ष मार्चमध्ये संपतं, एप्रिलमध्ये नवं सुरू होतं. आपल्या शाळेचं वर्ष विदर्भात जूनच्या अखेरीस सुरू होतं. मार्चच्या शेवटी पठाणकोट किंवा जबलपूरहून गावी आलेल्या आठ वर्षांच्या मुलीला म्हणून तीन महिने कुठलीच शाळा नसते. वर्गातली पोरं परीक्षेच्या तयारीत. तिची बोली हिंदी झालेली. 'मेरेको' ऐकून गल्लीतली पोरं हसतात. चाकोल्या तिला थापता येत नाहीत, आट्यापाट्यांचे नियम माहीत नाहीत, विहिरीत पोहणं तर दूरच. छावणीत ती अनेक फौजींच्या मुलांमधली एक होती. गावात ती एकटीच फौजीची. मला विचाराल तर या तीन महिन्यांकडे आधी बघायला हवं, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांचं तिचं गावाशी नातं इथंच ठरतं.

कायदा तिच्या बाजूनं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा बदलण्याचा हक्क आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वर्ग वयानुसार द्यायचा असतो. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या यूडायस पोर्टलवर जुन्या शाळेनं नाव सोडल्याशिवाय नवी शाळा पुढं सरकत नाही, आणि जुनी शाळा दीड हजार किलोमीटरवर असते. आईला हिंदीत फोन करावे लागतात.

कागदांचा आणखी एक धडा फौजींच्या बायका एकमेकींना शिकवतात. मूल जन्मलं की त्याची नोंद पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये व्हावी लागते. ती झाली नाही तोवर फौजेच्या दृष्टीनं ते मूल नसतंच: ना डिपेंडंट कार्ड, ना शिक्षणभत्ता. आणि ऑर्डरमध्ये नाव, जन्मतारीख जशी लागली तशीच ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर, आधारवर आणि शाळेत हवी. बापानं बर्फातून फोनवर सांगितलेलं स्पेलिंग क्लार्कनं लिहिलेलं असतं, आणि गुरुजींनी शाळेत आपल्या मनानं लिहिलेलं असतं. पुढं पेन्शनच्या वेळी एका काना-मात्रेसाठी अकोल्याच्या, नागपूरच्या चकरा होतात. पुढं कधी या मुलांसाठी शिबिर भरवाल तेव्हा भरवा, पण त्याच दिवशी आयांचे कागद तपासून द्यायला एक निवृत्त हेडक्लार्क बसवला, तर खेळांपेक्षा त्याच्याकडेच गर्दी होईल.

शिक्षणभत्ता सेवेतल्या जवानाला मिळतो. जानेवारी २०२४पासून तो महिन्याला एका मुलामागे २,८१२ रुपये ५० पैसे आहे, आणि वसतिगृहात ठेवलं तर ८,४३७ रुपये ५० पैसे. दोन मुलांपर्यंत. हा पैसा तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या आणि पिवळ्या बसच्या भाड्यात जातो. फौजीचं लेकरू गावच्या मराठी शाळेतून निघून कॉन्व्हेंटच्या बसमध्ये बसतं आणि गावातल्या दोस्तांपासून तुटतं, हा त्याचा दुसरा भाग. माजी सैनिकांच्या मुलांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान वेगळं आहे. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना दरमहा हजार रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२५पासून दोन हजार झाले. आणि गावाला हिशेब नसलेली एक फट इथंच आहे. सीआरपीएफ, बीएसएफमधला बाप गावाच्या लेखी 'मिलटरीतच'. त्याचं पोर होळीला तसंच वाट पाहतं. पण सैनिक बोर्डाच्या योजना त्याच्यासाठी नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारात हे पहिल्यांदा कळतं तेव्हा फार अपमान वाटतो.

२०२५च्या वसंतानं तर सगळेच हिशेब मोडले. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलेल्या जवानांना परत बोलावणी आली. ६-७ मेच्या रात्री ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, १० मेला गोळीबार थांबला. त्या चार दिवसांत महाराष्ट्रभर हळद न उतरलेले नवरदेव निघाल्याच्या बातम्या छापून आल्या. त्या बातम्यांत लहान मुलं नव्हती. पण घराघरांत टीव्हीवर सायरनचे आवाज लावलेले होते आणि समोर सहा-सात वर्षांची पोरं बसली होती. ज्यांचे पप्पा चार दिवसांपूर्वी त्यांना रसवंतीवर घेऊन गेले होते, त्यांना त्या स्टुडिओतल्या खोट्या सायरननं काय झालं असेल याचा विचार वाहिन्यांनी केला नाही. त्यावेळी घरात काय करायचं, हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं. टीव्ही बंद ठेवा, पप्पांचा फोन दोन दिवस लागणार नाही हे लेकराला आधीच सांगा, झोपताना विचारलं तर खोटं सांगू नका, एवढ्या तीन गोष्टी एखाद्या माजी सुभेदारानं घरोघर फोन करून सांगितल्या असत्या तरी पुरलं असतं.

तर करायचं काय? पहिलं म्हणजे मे महिन्याचं उन्हाळी शिबिर हा विचार सोडावा. ती पुण्या-मुंबईची सवय. वाशिमच्या मेमध्ये सकाळी नऊनंतर मुलांना मैदानावर ठेवणं गुन्हा आहे. इथला मोसम म्हणजे होळी ते पाडवा, पळस फुललेला आणि ऊन अजून सोसवणारं. रंगपंचमीच्या आसपासचा एक शनिवार-रविवार. तालुक्यातालुक्यांतून वीस-पंचवीस मुलं एकत्र आली की काम झालं; एकटी पडलेल्या मुलीला कळतं की आपल्यासारखी शेलूबाजारलाही एक आहे आणि अनसिंगलाही. खेळ गावचेच असावेत. पळसाचा रंग, आट्यापाट्या, कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात सकाळी काळवीट पाहायला जाणं. बापाला पत्र लिहायचं, पण हातानं, आणि ते फौजी डाकेनं जाऊ द्यायचं. जुलै २०२०मध्ये लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितली, तेव्हापासून कागदाची किंमत घरोघर पुन्हा वाढली आहे.

दुसरं, मुलांना वर्दी घालू नये. गावोगाव 'कमांडो कॅम्प' निघाले आहेत: चेहऱ्याला काळं फासायचं, लाकडी बंदूक द्यायची, दोरीवरून लटकवायचं आणि रील काढायची. मौज म्हणून ठीक. फौजीच्या लेकराच्या घरात मात्र फौज वर्षभर असते. त्याला दोन दिवस तिच्यातून सुट्टी द्यावी. आणि मंचावर बोलावून 'तुझे पप्पा देशासाठी लढतात, तुला अभिमान वाटतो ना?' असं माइकवर विचारणाऱ्या पाहुण्यांना आधीच चहा देऊन परत पाठवावं.

तिसरं, यादी. सैनिक कल्याण कार्यालयाकडे मुख्यतः माजी सैनिकांची आणि विधवांची नोंद असते. सेवेतल्या जवानाचं घर त्यांना बहुधा अडचण आल्यावरच कळतं. यादी खरी गावच्या शाळेत आहे, हजेरीपटावर. केंद्रप्रमुखांनी एका आठवड्यात ती काढली तर निघेल. सीआरपीएफ-बीएसएफची मुलंही तीत घ्यावीत, कारण चाकोल्यांच्या माळेला कुणी दलाचं नाव विचारत नाही. घाई यासाठी की पुढची संख्या बदलणार आहे. २०२२पासून भरती होते ती अग्निवीरांची. चार वर्षं त्यांना लग्न करता येत नाही आणि त्यानंतर चौथाई जणच कायम होतात. म्हणजे काही वर्षं गावातली फौजींची लहान मुलं घटत जातील, जी असतील ती आणखी एकटी पडतील.

खर्चाचं म्हणाल तर फार नाही. शाळेची इमारत रविवारी रिकामी असते. माणसं आहेत: पीटी घेतलेले, नकाशे वाचणारे, प्रथमोपचार जाणणारे, पंचेचाळिशीत निवृत्त होऊन सिक्युरिटीच्या नोकरीत कंटाळलेले. जेवणाची तर चिंताच नको, कारण पलटणीच्या लंगरात वर्षं काढलेला एखादा तरी माणूस प्रत्येक तालुक्यात सापडतो. अडचण एवढीच की शंभर माणसांच्या खाली त्याला मिठाचा अंदाज येत नाही, त्यामुळे पंचवीस मुलांबरोबर त्यांच्या आया, आज्या आणि शेजारचं अर्धं गाव जेवायला बोलावणं भाग आहे.